हात चिखलात, मन प्रभूपाशी

(शास्त्रपाठ : योहान १५ : १–११, १ थेस्सलनीकाकरांस ५ : १७)

आषाढ लागला म्हणजे इगतपुरीच्या आसपासच्या वाड्यांत भाताच्या आवणीची घाई उडते. पाऊस कोसळत असतो, पाय पोटरीपर्यंत चिखलात रुतलेले असतात, आणि सकाळी वाकलेली कंबर संध्याकाळीच सरळ होते. अशा दिवसांत एका वाडीतील बहिणीने आपल्या मंडळीच्या मास्तरांस वाटेत गाठून विचारले, “मास्तर, रविवारी तुम्ही सांगता की नित्य प्रार्थना करा. मी कोंबडा आरवायला उठते, चूल पेटवते, पोरांच्या भाकरी करून ठेवते, दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबते, आणि रात्री पाठ टेकली की डोळा लागतो. मी नित्य प्रार्थना करू तरी केव्हा? देव मला विसरत नसेल, पण मी त्याला दिवसदिवस विसरते, त्याचं काय?”

मास्तर प्रामाणिक मनुष्य. त्यांनी घाईने उत्तर दिले नाही. “बाई, तुमचा प्रश्न मोठा आहे. मी विचार करून सांगतो,” असे म्हणून ते घरी गेले.

प्रिय वाचकहो, हा प्रश्न त्या एका बहिणीचा नव्हे. जो कोणी रविवारी उपासनेत बसतो आणि सोमवारी पोटाच्या मागे लागतो, त्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. देवाशी जोडलेले राहणे हे ज्यास वेळ आहे त्याच्याच वाट्याचे आहे काय? तसे असेल तर शुभवर्तमान गरिबांकरिता आहे हे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि तसे नसेल, तर राबणाऱ्या हातांनी देवास धरून राहावे कसे? याचा विचार आपण आज करू.

या प्रश्नास दोन उत्तरे सहज दिली जातात. आमच्या मते ती दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर असे की, “काम हीच प्रार्थना. निराळी प्रार्थना कशाला?” हे ऐकावयास गोड वाटते, आणि त्यात सत्याचा अंशही आहे. प्रभू येशूने स्वतः नासरेथात सुताराचे काम केले. प्रेषित पौलाने तंबू शिवून पोट भरले. परंतु बैलही दिवसभर काम करतो, आणि तेवढ्याने तो प्रार्थना करीत नाही. लबाडही काम करतो, आणि पुष्कळदा सज्जनापेक्षा अधिक करतो. ज्या कामात देवाची आठवण नाही, ते केवळ काम असल्यामुळे प्रार्थना होत नाही. हे वाक्य बहुधा आपण आळसास पांघरूण म्हणून वापरतो, हे मनाशी कबूल केलेले बरे.

दुसरे उत्तर असे की, “पहाटे तासभर लवकर उठा, एकांतात बसा, म्हणजे झाले.” हेही चांगले, आणि ज्यास साधेल त्याने अवश्य करावे. पण जी माता रात्री दोनदा तापलेल्या मुलासाठी उठली, तीस हे सांगताना आपली जीभ अडखळली पाहिजे. शिवाय, तासभर देवाजवळ बसून उरलेला दिवस त्याच्यावाचून घालविता येतो, हा मोठा धोका या उत्तरात दडलेला आहे. पहाटे गुडघे टेकणारा मनुष्य दुपारी मजुराची मजुरी कापताना आपण पाहिला नाही काय? त्याचा तास देवास दिलेला होता, परंतु त्याचा दिवस त्याने स्वतःकडेच ठेविला होता.

तर मग प्रभूने काय सांगितले? त्याने तासाचा हिशेब सांगितला नाही. त्याने द्राक्षवेल दाखविला.

आमच्या भागातील कित्येक जण निफाड आणि दिंडोरी या बाजूस द्राक्षबागांच्या छाटणीच्या कामास जातात. एप्रिलात एक छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी. ज्यांनी हे काम केले आहे त्यांस योहानाचा पंधरावा अध्याय उलगडून सांगण्याची गरज नाही. त्यांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे. छाटून टाकलेली फांदी त्याच घटकेस सुकत नाही. बांधावर पडलेल्या ढिगात ती काही काळ हिरवीच दिसते. पानेही तशीच असतात. वाटेने जाणाऱ्यास ती वेलावरची आहे की तुटलेली आहे हे ओळखू येत नाही. पण तिच्यात रस येणे थांबलेले असते, आणि पुढे काय होणार ते ठरून गेलेले असते.

आपले असेच होते. देवापासून तुटलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी वाईट दिसू लागत नाही. तो उपासनेस येतो, गीते गातो, वर्गणी देतो. जुन्या रसावर काही काळ त्याची पाने हिरवी राहतात. म्हणून आपण स्वतःस “मी अजून हिरवा दिसतो काय?” असे विचारू नये. “माझ्यात आज रस येत आहे काय?” असे विचारावे.

आणि फांदीकडून दुसरी गोष्टही शिकावी. वेलास चिकटून राहण्याचे काम ती सकाळी करते आणि फळ धरण्याचे काम दुपारी करते, असे नाही. ती चिकटून असते म्हणूनच फळ धरते. वारा असो की ऊन, ती आपले काम करीत असते आणि त्याच वेळी रसही घेत असते. ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. त्या बहिणीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. राबणे तिला देवापासून तोडीत नाही. तोडणारी वस्तू निराळीच आहे. ती कोणती ते पुढे पाहू.

इगतपुरीच्या लोकांस आणखी एक दाखला घरच्या घरी मिळतो. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी इगतपुरीस पोहोचली. या घाटात सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर चढावे लागते, इतकी चढण आहे. प्रथम ही चढण वाफेची इंजिने चढत. वाफेचे इंजिन स्टेशनात पाणी आणि कोळसा भरून घेई आणि त्या बळावर जमेल तितके पुढे जाई. सन १९३० च्या सुमारास मुंबईकडून इगतपुरीपर्यंत विजेची तार आली, आणि घाटात विजेची इंजिने धावू लागली. पुढे भुसावळच्या बाजूस मात्र कित्येक वर्षे वाफेचीच इंजिने होती; म्हणून इगतपुरीस इंजिन बदलत असत.

या दोन इंजिनांतील भेद ध्यानात घ्या. पहिले भरून घेते आणि निघते. दुसरे काहीच भरून घेत नाही; त्याच्या माथ्यावरचा दांडा तारेस लागलेला असतो, आणि जोवर तो लागलेला आहे तोवरच त्यास बळ आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण वाफेच्या इंजिनासारखे ख्रिस्ती आहेत. रविवारी भरून घ्यावयाचे आणि शनिवारपर्यंत पुरवावयाचे. बुधवारी कोळसा संपतो, घरात शिवीगाळ सुरू होते, गुरुवारी दारूच्या दुकानाची वाट आठवते, आणि मग आपण म्हणतो, “या वेळचा उपदेश काही जोराचा नव्हता.” बंधूंनो, दोष उपदेशाचा नव्हता. सहा दिवस पुरेल इतके देवपण साठवून ठेविता येत नाही. अरण्यात इस्राएल लोकांनी मान्ना दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेविला, तेव्हा त्यात किडे पडले, हे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आपण वाचतो. त्या दिवसाचा तो त्या दिवसास.

वार्षिक सभा आणि जागृतीच्या सभा यांविषयीही असेच म्हणावे लागते. आमच्या तालुक्यात वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तरी वैशाखात कित्येक वाड्यांतील बायका हंडा घेऊन कोसकोस हिंडतात, कारण काळ्या खडकावर पडलेले पाणी उतारावरून धावत निघून जाते. त्या दिवसांत वाडी कशावर जगते? नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यावर. त्यात पाणी थेंबथेंब पाझरते. वाटीने भरावे लागते. पण ते रोज येते. मोठ्या सभेचा पाऊस चांगलाच आहे. देव तो पाडो. परंतु ज्याच्या घरी रोजचा झिरा नाही, त्यास पावसाळ्याच्या आठवणीवर तहान भागविता येत नाही.

आता कोणी म्हणेल, “हे दाखले ठीक, पण काम करताना देवाची आठवण ठेवणे मनुष्यास साध्य आहे काय?” आहे; आणि ज्यांना ते साधले ते बहुधा कामकरीच होते. नहेम्या हा राजाचा प्यालेबरदार. राजाने त्यास प्रश्न केला. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, असे त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्याने डोळे मिटले नसतील, गुडघे टेकले नसतील. राजासही कळले नसेल. एका श्वासाची ती प्रार्थना होती, आणि देवाने ती ऐकली. सतराव्या शतकात पॅरिस शहरातील एका मठात लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. ते विद्वान नव्हते. स्वयंपाकघरात भांडीकुंडी करीत आणि पुढे जोडे दुरुस्त करीत. त्या गडबडीत त्यांनी देवाच्या सान्निध्यात राहण्याचा अभ्यास केला, आणि १६९१ साली ते वारले त्यानंतर त्यांची पत्रे व संभाषणे जगभर वाचली गेली.

आपल्या मातीतही ही गोष्ट परकी नाही. जात्यावर दळणारी जनाबाई आणि मळ्यात राबणारा सावता माळी यांची नावे महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाहीत? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगत. जात्यापाशी आणि मळ्यात देव आठवावा ही ओढ ज्या देशात इतकी जुनी आहे, तेथे ज्याने स्वतः रंधा हाती धरला त्या प्रभूस शेतात आठविणे आपणास जड का जावे?

परंतु येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नहेम्याची ती क्षणभराची प्रार्थना अकस्मात उगवली नव्हती. पहिला अध्याय वाचा. तेथे त्याने कित्येक दिवस उपास करून, रडून प्रार्थना केली आहे. जो कधीच थांबत नाही, त्यास चालताचालता देव आठवत नाही. दानीएल राज्याचा मोठा अंमलदार होता, त्यास कामे थोडी नव्हती. तरी दिवसातून तीन वेळा तो खिडकीपाशी गुडघे टेकीत असे. आणि आपला प्रभू? कफर्णहूमात संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटले होते. थकून गेला असेल. तथापि पहाटे अंधार असतानाच उठून तो अरण्यात प्रार्थनेस गेला. ज्यास पित्याशी एकरूपता होती त्यास एकांताची गरज वाटली, तर आपणास वाटू नये काय? म्हणून नेमलेली वेळ आणि दिवसभराची आठवण ही एकमेकींच्या जागी वापरावयाची नव्हेत. नेमलेली वेळ लहान असो, पाच मिनिटांची असो. पण ती असो.

आमच्या इगतपुरीस १९७६ सालापासून धम्मगिरीवर विपश्यनेसाठी दूरदूरचे लोक येतात आणि दहा दिवस मौन धरून बसतात. त्यांची वाट आणि आपली वाट भिन्न आहे; परंतु घरदार सोडून दहा दिवस गप्प बसण्याची त्यांची तयारी पाहून, पाच मिनिटे न बसणाऱ्या आपणास लाज वाटावी. मात्र प्रभू डोंगरावर राहिला नाही, हेही विसरू नये. रूपांतराच्या डोंगरावर पेत्रास मंडप बांधून राहावेसे वाटले. प्रभू खाली उतरला, कारण खाली एक बाप आपल्या आजारी मुलास घेऊन उभा होता.

आता तोडणारी वस्तू कोणती ते पाहू. थकवा आपणास देवापासून तोडीत नाही. तो आपली घडण जाणतो, आपण माती आहो हे त्यास ठाऊक आहे. मन कोरडे पडणे हेही तोडीत नाही. प्रार्थनेत गोडी न वाटणारे दिवस स्तोत्रकर्त्यासही आले, आणि त्याने तेही देवापाशीच सांगितले. तोडते ते जाणूनबुजून धरून ठेवलेले पाप. मापात केलेली लबाडी, भावाशी धरलेला अबोला, बांध सरकवून घेतलेली हातभर जमीन, सुनेच्या डोळ्यांतील पाणी. प्रभूने तर सांगून ठेविले आहे की, वेदीशी आलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेव आणि आधी समेट कर. कित्येकांस वाटते की आपली प्रार्थना वर जात नाही म्हणून आणखी मोठ्याने करावी. त्यांनी आवाज चढवू नये. शेजाऱ्याच्या दारी जावे.

मास्तर आणि उपदेशक बंधूंस एक शब्द प्रीतीने सांगतो. आपला धोका मजुराच्या धोक्याहून मोठा आहे. मजूर देवास विसरला तर त्यास ते कळते आणि खुपते. आपण मात्र दिवसभर देवाचेच नाव घेत असतो, म्हणून त्यास विसरलो हे आपणास कळतही नाही. वाढणारा उपाशी राहावा तसे आपले होते. उपदेशाकरिता शास्त्र उघडण्यापूर्वी आपल्या जिवाकरिता ते उघडावे, एवढेच मागणे आहे.

आणि कोणीही एकट्याने ही चढण चढू नये. कसाऱ्यास गाडी आली की मागून जास्तीची इंजिने जोडतात. ती गाडीला रेटीत घाट चढवितात आणि इगतपुरीस सुटी होतात. पुढे बसलेल्या उतारूंस ती दिसतही नाहीत. मंडळीतील प्रार्थना अशी आहे. आज तुमचे मन कोरडे असेल, तर कोणी म्हातारी बहीण तुमचे नाव घेऊन तुम्हास मागून रेटीत असेल. उद्या तिची पाळी येईल, तेव्हा तुम्ही मागे लागा.

या जोडलेपणाचे फळ केव्हा दिसते? जेव्हा आधार निघून जातो तेव्हा. नाशिकजवळ १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर हे ख्रिस्ती गाव वसविले. गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आश्रय मिळाला. त्यांस शास्त्र आणि धंदे शिकविले गेले. त्या मुलांपैकी काही पुढे डॉक्टर लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागात गेले. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी एका पहाटे त्यांचे मालक बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. तेथे पाळक नव्हता, मंडळी नव्हती, हुकूम देणारा कोणी नव्हता. सुसी आणि चुमा यांच्या पुढारपणाखाली त्या सोबत्यांनी त्यांचे हृदय झाडाखाली पुरले. नाशिकास शिकलेल्या जेकब वेनराईट याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली. मग शव खांद्यावर घेऊन ते हजार मैलांहून अधिक चालले आणि १८७४ च्या फेब्रुवारीत समुद्रकाठी पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडन येथील वेस्टमिन्स्टर मंदिरात त्या देहास मूठमाती दिली गेली, तेव्हा जेकब शवपेटी वाहणाऱ्यांत होता.

धन्याने प्रार्थना करीत प्राण सोडला, आणि सेवकांनी ओझे वाहून ती प्रार्थना जणू पुढे चालविली. गुडघे आणि खांदे ही एकाच भक्तीची दोन अंगे आहेत. ज्यास गुडघे टेकावयास वेळ थोडा आहे, त्याचे खांदे देवास दिसत नाहीत असे समजू नका.

आता मास्तरांकडे परत येऊ. पुढच्या रविवारी उपासनेनंतर त्यांनी त्या बहिणीस जवळ बोलाविले आणि म्हटले, “बाई, तुम्हाला तास नाही, पण पाच दारे आहेत. चूल पेटवताना म्हणा, ‘प्रभू, माझ्या घरात राहा.’ पाण्याला जाताना घरातल्या एकेकाचं नाव घ्या. वावरात पाय ठेवताना म्हणा, ‘हे काम तुझ्यासमोर करते.’ मजुरी हातात पडली की आभार माना. आणि दिवा मालवताना, दिवसात कोणाशी वाकडं बोलला असाल तर ते सांगून मोकळ्या व्हा. वाचता येत नसेल तर मुलाकडून आठवड्याला एक वचन पाठ करून घ्या. एखादं दार चुकलं तर घाबरू नका, पुढचं उघडं आहे.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मास्तर, दिवा मालवतानाचं तेवढं अवघड आहे. माझं नि जावेचं दोन वर्षं बोलणं नाही.”

मास्तर म्हणाले, “मग बाई, तिथूनच सुरू करा.”

वाचकहो, आपणही तेथूनच आरंभ करू या. जेथे अवघड आहे, तेथेच बहुधा आपला दांडा तारेवरून सुटलेला असतो. हे आमच्या पित्या, तू आम्हांस वेलात जोडले आहेस. आमच्या हातचा चिखल तुला परका नाही. आम्हांस आमच्या कामासह तुझ्याजवळ ठेव, आणि जे आम्हांस तुझ्यापासून तोडते ते आमच्या हातून सोडव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने. आमेन.